कसाऱ्याला गेलेला म्हातारा

आमच्या काकांएवढा प्रवाशांना जपणारा कंडक्टर शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत झाला नाही. निवृत्तीनंतर त्यांनी कादंबरीतली माणसंही तशीच जपायला घेतली, आणि तिथे सगळा घोटाळा झाला.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. शहापूरला कॉलेजात होते तेव्हा मला उशीर झाला की काका किन्हवलीच्या थांब्यावर एसटी अडवून धरायचे. ड्रायव्हर कुरकुरला की म्हणायचे, "आमची पोर शिकते, थांब जरा." मी धापा टाकत चढायचे तेव्हा सगळी गाडी माझ्याकडे बघत असायची आणि मला मान वर करवत नसे. पण त्या थांबलेल्या गाड्यांमुळेच मी शिकले आणि गावच्याच जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका झाले. म्हणून, "दुपारच्या खिचडीनंतर पोरांना रोज एक धडा कादंबरी वाचून दाखवतो," असं काका म्हणाले तेव्हा मला नाही म्हणता आलं नाही.

घरी मला 'गो पोरी' म्हणणारे काका शाळेच्या फाटकातून आत आले की 'बाई' म्हणायचे आणि वर्गात यायची परवानगी मागायचे. आत आल्यावर मात्र वर्गाची एसटी व्हायची. "पुढं सरका, मधी जागा हाय" असं म्हणत ते पोरांना दाटीवाटीने बसवायचे. टेबलावर लाकडी पट्टीचे दोन ठोके पडले की गोष्ट सुटायची. एक ठोका पडला की थांबायची. मग कोणाला काही विचारायचं तर विचारावं, नाकबिक पुसायचं तर पुसून घ्यावं, पुन्हा दोन ठोके. एकदा केंद्रप्रमुख न सांगता तपासणीला आले, तर काकांनी वाचता वाचता मान वर न करता त्यांनाही "मागं सरका" म्हणून सांगितलं. साहेब मुकाट्याने सतरंजीवर बसले आणि मी लाजेने फळा पुसत राहिले. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर माझ्या पाठाला दहा मिनिटं न टिकणारी पोरं काकांपुढे तोंड उघडं टाकून बसायची. खिचडीचे हात धुवायलाही कोणी थांबायचं नाही. धडा संपला की एकच ओरडा, "आबा, अजून एक स्टॉप!"

श्रावण संपता संपता त्यांनी एका म्हाताऱ्या मेंढपाळाची आणि त्याच्या नातवाची कादंबरी घेतली. निम्म्यावर आल्यावर तो म्हातारा मरतो. काका त्या पानावर आले, त्यांनी एक ठोका मारला आणि पोरांकडे बघितलं. समोर चौथीतली एक मुलगी बसली होती. तिचा आजा त्या आठवड्यात दवाखान्यात होता. काकांनी चष्मा पुसला, दोन ठोके मारले आणि वाचलं, "म्हातारा मग कसाऱ्याला बहिणीकडे गेला."

पुस्तकात कसारा नव्हतं आणि बहीणही नव्हती. मी खुर्चीमागे उभी होते, मला पान दिसत होतं. मी गप्प राहिले.

तिथून पुढे काकांचे फार हाल झाले. पुस्तकात नातू चार पानं रडतो. काकांच्या वाचनात त्याची दाढ दुखायला लागली. तेराव्याचं जेवण होतं, त्याची सत्यनारायणाची पूजा झाली. नातवाने डोकं का भादरलं, असं एका पोराने विचारल्यावर काका घामाघूम झाले आणि म्हणाले, "उवा झाल्यावत्या." पोरं रोज म्हाताऱ्याची चौकशी करायची. काकाही रोज कसाऱ्याहून त्याची खुशाली आणायचे.

त्या मुलीचा आजा घरी आला. दवाखान्याने आता घरीच न्या म्हणून सांगितलं होतं. आज्याला वाचून दाखवायला म्हणून तिने शनिवारी ते पुस्तक माझ्याकडून मागून नेलं. माझ्या लक्षातच आलं नाही. सोमवारी तिने ते परत आणून दिलं, आणि काकांनी दोन ठोके मारले तशी ती उभी राहिली.

"आबा, म्हातारा तं मेलाय. कवाच मेलाय. तुमी खोटं वाचलंत."

काकांनी हातातली पट्टी खाली ठेवली. मागून कोणीतरी विचारलं, "मंग आधीच्या पुस्तकातलं पण खोटंच होतं काय?" आणि एका पोराने माझ्याकडे बघितलं, "बाई, तुमाला ठाव होतं?"

मी "हो" म्हणाले. काकांनी टोपी घातली आणि परवानगी न मागता वर्गाबाहेर गेले.

त्यानंतर ते शाळेकडे फिरकले नाहीत. पोरं रस्त्यात दिसली तर बांधावरून जायचे. मी समजावायला गेले तर म्हणाले, "तिकीट एका गावाचं फाडलं नि उतरवलं दुसरीकडं. पोरं काय इश्वास ठेवतील माज्यावर?" इकडे खिचडीनंतर मी स्वतः दुसरं पुस्तक वाचून पाहिलं, अगदी छापल्याप्रमाणे, शुद्ध. पोरं हात धुवायला गेली ती सावकाश आली.

एका संध्याकाळी मी काकांच्या पडवीत बसले होते. ती मुलगी माझ्याकडून पुन्हा मागून नेलेलं तेच पुस्तक छातीशी धरून आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. काकांनी मान खाली घातली. कोण आधी बोलणार ते कळेना. शेवटी तीच पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत म्हणाली, "आबा, मी पण म्हाताऱ्याला कसाऱ्याला धाडलं."

काकांनी मान वर केली.

"आजा ऐकत होता. माज्याकडंच बघत होता. मंग मना तो मेला असं नाय वाचवलं." तिने पुस्तक उघडून पुढे केलं. "आता नातवानं डोकं भादरलंय. आजा इचारतोय, का म्हणून. तुमी काय सांगितलावता?"

"उवा," काका हळूच म्हणाले. "उवा झाल्यावत्या, गो."

"हां. उवा," ती म्हणाली. आणि दोघंही एकमेकांची नजर चुकवत, एकाच पानावर बोट ठेवून, पुढे कुठे कुठे काय बदलायचं ते ठरवत बसले. दाढ, पूजा, बहिणीची कसाऱ्यातली खोली. मी चहा टाकायला आत गेले आणि चहा उकळून निम्मा झाला तरी बाहेर आले नाही. दोघांसमोर जायची मलाच लाज वाटत होती. बाहेरून काकांच्या बोटांचे पाटावर दोन ठोके ऐकू आले, आणि त्या पोरीचा वाचायला लागलेला आवाज.