पुसण्याची परीक्षा

माझे पप्पा गायचे. मानखुर्दला आमच्या वस्तीत त्यांची गायन पार्टी होती. दिवसा ट्रॉम्बेच्या रस्त्याला एका कारखान्यात फिटर, आणि जयंतीचा महिना लागला की एकही संध्याकाळ घरी नाही. माइक बंद पडला तरी ते थांबायचे नाहीत आणि माणसं उठून जायची नाहीत. मी लहानपणी स्टेजच्या मागे सतरंजीवर झोपलेय आणि त्यांच्याच आवाजाने जागी झालेय.

मग घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. जीव वाचला, आवाज गेला. गळ्याला लावून बोलायचं एक मशीन मिळतं. ते त्यांनी एकदा लावलं, त्यातून निघालेला घर्रघर्र आवाज ऐकला आणि मशीन कपाटात फेकलं. तेव्हापासून ते फोनवर टाइप करून बोलतात. एकाच खोलीत बसून मला मेसेज येतो, ‘पंखा कमी कर.’

त्यांच्या गाण्याच्या कॅसेट आम्ही ऑपरेशनच्या आधीच घाटकोपरच्या एका दुकानातून कम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्या. कॅसेटना बुरशी लागली होती. झोपडं सोडून बिल्डिंगमध्ये आलो तेव्हा त्या भंगारात गेल्या. ऑपरेशननंतर एका रविवारी भावाने ते रेकॉर्डिंग स्पीकरवर लावलं. त्याला वाटलं, पप्पांना बरं वाटेल. पप्पा उठले, त्यांनी वायर खेचून काढली. मग टाइप केलं, ‘माझ्या घरात मेलेल्या माणसाचा आवाज नको.’ भावाच्या फोनमधून, कम्प्युटरमधून, सगळीकडून त्यांनी समोर उभं राहून ते काढायला लावलं. मी त्याआधी भावाची, तीच गाणी भरलेली ड्राइव्ह पर्समध्ये टाकली होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाऊन सर्व्हरवर माझ्या नावाच्या फोल्डरमध्ये सगळं ठेवून दिलं आणि ड्राइव्ह रिकामी करून भावाला परत केली. मला वाटलं होतं, कधीतरी ते मागतील.

ऑफिसचा सर्व्हर म्हणजे माझ्या हिशोबाने जगातली सगळ्यात सुरक्षित जागा. कारण त्याचं बॅकअप मीच बघायचे.

अंधेरीला आमची कंपनी आहे, रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबची मोठी साखळी. पेशंटचे रिपोर्ट अर्धे आमच्याच सर्व्हर रूममध्ये, अर्धे भाड्याच्या क्लाउडवर. आमच्याकडचं बॅकअप सॉफ्टवेअर जुनं झालं होतं. त्याला इकडचं दिसायचं, क्लाउडवरचं दिसायचं नाही. दोन्हीकडचं एकत्र सांभाळणारं नवीन घ्यायचं ठरलं. तीन कंपन्यांची सॉफ्टवेअर ट्रायलला आली. ती तपासायचं काम माझ्याकडे आणि माझ्या बाजूला बसणाऱ्या मैत्रिणीकडे होतं. ही ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातली. तिची आई अजून मासळी बाजारात बसते. आमचा डबा एकत्र असायचा, बोंबील तिचे आणि भाकरी माझी. पप्पांच्या रेकॉर्डिंगबद्दल ऑफिसात फक्त तिला माहीत होतं. एकदा जेवताना तिला मी हेडफोनवर ऐकवलंही होतं.

आमचा हेड मुलुंडचा. शर्टाला कधी सुरकुती नाही, आवाज कधी चढायचा नाही. माणसाला सगळ्यांसमोर उभं करून हळू आवाजात सोलायची त्याला सवय होती. नवीन मुलाने चुकीची केबल काढली, तर त्या मुलाला त्याने आठवडाभर गळ्यात ती केबल अडकवून बसवलं. वर हसून म्हणायचा, “आता विसरणार नाही ना?” आम्हीही हसायचो. न हसणाऱ्याचा नंबर पुढे लागायचा.

ट्रायल चांगली चालली होती. पहिलं सॉफ्टवेअर मोठी फाइल आली की धापा टाकायचं. दुसरं क्लाउडवरून परत आणताना रांगत होतं. तिसरं झकास होतं. मुद्दाम सर्व्हर पाडला तरी ते सगळं जागच्या जागी उभं करायचं. मी खूश होते. मैत्रीण म्हणाली, “हेच घेऊया गं, बाकीचे दोन परत पाठव.”

एक परीक्षा राहिली होती. नव्या कायद्याने पेशंट म्हणू शकतो की माझी माहिती पुसून टाका. मग ती सगळीकडून पुसली गेली पाहिजे. सर्व्हरवरून, क्लाउडवरून, बॅकअपच्या सगळ्या प्रतींतून, जुन्या बॅकअपमधूनसुद्धा. म्हणून आम्ही जुन्या बॅकअपचा ताबाही ट्रायलमध्ये त्या सॉफ्टवेअरला दिला होता. बॅकअपवाल्या माणसाला हे काम उलटंच वाटतं. आम्ही आयुष्यभर परत आणायला शिकलो. मी परीक्षेसाठी खोटे पेशंट तयार केले होते. खोटी नावं, खोटे रिपोर्ट. सगळे व्यवस्थित पुसले गेले.

हेडला ते आवडलं नाही. “खोटे पेशंट पुसून काय कळणार?” तो मीटिंगमध्ये म्हणाला. “पुसलेलं परत आणायला कोणी जीवाचं रान केलं का? नाही. मग पुसलं गेलं की नाही हे कसं ठरवणार?”

मी म्हटलं, “सर, मी स्वतः शोधून बघितलं. काही मिळालं नाही.”

“तू बघितलंस,” तो म्हणाला. “पण तुला काही पडलेली नव्हती.”

सगळे हसले. मीही हसले.

शेवटच्या डेमोच्या दिवशी मी जरा उशिरा पोचले. पप्पांना तपासणीला नेऊन आले होते. मीटिंग रूममध्ये हेड, मैत्रीण, त्या तिसऱ्या कंपनीचा तरुण इंजिनियर आणि आमच्या डायरेक्टर मॅडम. मोठ्या स्क्रीनवर सॉफ्टवेअर चालू होतं. काम झाल्याची हिरवी खूण दिसत होती.

“ये, तुझीच वाट बघत होतो,” हेड म्हणाला. “आज खरी परीक्षा. आम्ही सकाळी एका माणसाचा डेटा पुसलाय. सगळीकडून. तुला संध्याकाळपर्यंत तो परत आणायचाय. पाहिजे ती युक्ती वापर. तू आणलास तर सॉफ्टवेअर नापास.”

“कोणता पेशंट, सर?”

“पेशंट नाही. तुझाच फोल्डर आहे. गाण्यांचा.”

मला आधी अर्थच लागला नाही. मी मैत्रिणीकडे बघितलं. ती टेबलाकडे बघत होती.

“सर, ते ट्रायलच्या कॉपीवरचं ना?” मी विचारलं. “मूळ आहे ना?”

“मूळ ठेवलं तर परीक्षा कसली?” तो डायरेक्टर मॅडमकडे वळला. “मॅडम, आमच्याकडे हिच्याइतकं रिस्टोअर कोणालाच येत नाही. हिनेच परत आणायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही, तर आपण डोळे मिटून सही करायची.”

मॅडमनी मान डोलावली. त्यांना त्या फोल्डरात काय आहे ते माहीत नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं, तर हेड म्हणाला, “बोलण्यात वेळ घालवू नकोस.”

मी बसले.

आधी सर्व्हर बघितला. फोल्डरची जागा रिकामी. कालची प्रत उघडली, परवाची उघडली. माझं नाव होतं, आत काही नव्हतं. क्लाउडवरच्या प्रती बघितल्या. जुन्या बॅकअपमध्ये गेले. तिथे तरी असेल असं वाटलं होतं, कारण ते सॉफ्टवेअर मी वर्षानुवर्षं चालवलेलं, त्याच्या खाचाखोचा मला पाठ. तिथून पण गेलं होतं. सर्व्हरच्या डिस्कवर पुसलेल्या फाइली शोधायचं एक टूल माझ्याकडे होतं, ते चालवलं. पुसलेल्या जागेवर नुसती शून्यं भरलेली होती. तिसऱ्या कंपनीचा इंजिनियर माझ्या मागे येऊन उभा राहिला. त्याला अजून काही माहीत नव्हतं. तो अभिमानाने म्हणाला, “मॅडम, आम्ही वरून लिहून टाकतो. ओव्हरराइट. नाही मिळणार.”

मी त्याला म्हटलं, “माझ्या वडिलांचा आवाज आहे तो. त्यांना आता आवाज नाही.”

त्या पोराच्या तोंडावरचं हसू गेलं. तो हेडकडे बघू लागला. मग माझ्या बाजूला बसला आणि त्याला जे जे येत होतं ते सगळं त्याने करून बघितलं. स्वतःच्या कंपनीला फोन लावला. आपलंच सॉफ्टवेअर नापास करायला तो जीव तोडून धडपडत होता. फोनवर पलीकडचा माणूस त्याला विचारत होता, की कस्टमर खूश आहे ना, मग तुला काय झालंय?

हेड कॉफी घेऊन आमच्या मागे उभा होता. मधूनमधून मॅडमना समजावत होता, “बघा, आता ती क्लाउडच्या लॉगमध्ये गेली. तिथेही नाही. आता परत डिस्कवर येईल.” कॉमेंट्री चालली होती त्याची. मी एकच पासवर्ड तीनदा चुकीचा टाकला, ते बघून तो म्हणाला, “अशी पाहिजे टेस्ट.”

दुपारनंतर माझ्याकडे करण्यासारखं काही राहिलं नाही. तरी मी तीच ती प्रत पुन्हा पुन्हा उघडत राहिले. शेवटी हेडच म्हणाला, “झालं. पास.” त्याने टाळी वाजवली. मॅडमनीही वाजवली. मैत्रिणीने हात उचलले आणि परत मांडीवर ठेवले.

मी बाथरूममध्ये गेले. ती मागून आली.

“मला वाटलं, तू आणशील,” ती म्हणाली. “आईशप्पथ गं. सरांनी सकाळी विचारलं, कोणाकडे असं काय आहे जे गेलं तर माणूस वेडापिसा होईल? मी पटकन तुझ्या पप्पांच्या आवाजाचं बोलून गेले. मग ते म्हणाले, चालव. मी म्हटलं, सर, नको. ते म्हणाले, तुझा मैत्रिणीवर भरोसा नाही का? आणि खरंच, तू सगळंच आणतेस ना परत. दर वेळी आणतेस.”

“बटन कोणी दाबलं?”

“मी.”

मला तिला मारावंसं वाटत होतं. ती रडायला लागली, तेव्हा मी तिला रडू दिलं आणि बाहेर आले. दुसऱ्या दिवसापासून डबा वेगळा.

मी एचआरकडे गेले. तिथल्या बाईने सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं. मग गोड आवाजात म्हणाली, “पण तुम्ही वैयक्तिक फाइली ऑफिसच्या सर्व्हरवर का ठेवल्या होत्या?” अर्ध्या ऑफिसच्या लग्नाचे फोटो त्या सर्व्हरवर होते. ते मी सांगितलं. ती म्हणाली, “मग त्यांनाही नोटीस काढावी लागेल. काढायची का?”

मूल्यमापनाचा रिपोर्ट मलाच लिहायचा होता. हेड म्हणाला, “शेवटच्या टेस्टबद्दल नीट लिही. तुझ्याच शब्दांत.” मी लिहिलं, ‘पुसलेली माहिती कोणत्याही मार्गाने परत मिळवता आली नाही. चाचणी यशस्वी.’ खोटं काय लिहिणार? सॉफ्टवेअर खरंच चांगलं होतं. कंपनीने ते घेतलं. मोठ्या मीटिंगमध्ये हेडने ही टेस्ट आपली आयडिया म्हणून सांगितली, फोल्डर कोणाचा ते न सांगता, आणि पुढे तो वरच्या जागेवर गेला. जाताना माझ्या टेबलाशी थांबून म्हणाला, “मनात ठेवू नकोस यार. काम होतं ते.”

घरी मी कोणालाच काही सांगितलं नाही. कोणी विचारणारही नव्हतं, पप्पांनी तर तो आवाज घरातून हाकलूनच दिला होता. मी स्वतःची तशी समजूत घातली होती. ती बरेच महिने पुरली.

भावाला मुलगा झाला. नाव ठेवायच्या दिवशी घर माणसांनी भरलं. पप्पांच्या पार्टीतला ढोलकीवाला आला, पेटीवाला आला. दोघे वाजवत बसले. गाणारं कोणी नव्हतं. पप्पा नातवाला मांडीवर घेऊन बसले होते, ताल धरून त्याच्या पायावर बोट आपटत होते. मग त्यांनी मूल वहिनीकडे दिलं आणि फोन काढला. मी स्वयंपाकघरात होते. माझा फोन वाजला.

‘तुझ्याकडे आहे ना ते?’

मी उंबऱ्यात येऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढचा मेसेज पाठवला.

‘मला माहीत आहे तू ठेवलं होतंस. लाव. पोराला ऐकू दे.’

मला खोटं बोलता आलं असतं. ड्राइव्ह बिघडली म्हणून सांगता आलं असतं. मी त्यांच्या बाजूला जाऊन बसले आणि ढोलकीच्या आवाजात, त्यांच्या कानाशी, सगळं सांगितलं. कोणी पुसायला लावलं, कोणी पुसलं, मी दिवसभर कसं शोधलं. ते ऐकत राहिले. ढोलकीवाल्याला वाटलं, आम्ही गाणं ठरवतोय. तो हसून थांबला.

पप्पांनी टाइप केलं, ‘त्याला माहीत होतं माझा आवाज गेलाय ते?’

“हो पप्पा. मैत्रिणीने सांगितलं होतं त्याला.”

त्यांनी काहीतरी टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं. मग मेसेज आला.

‘आणि तू अजून तिथेच कामाला जातेस?’

मी म्हटलं, “हो.”

त्यांनी फोन पालथा ठेवला. रिमोट उचलला, टीव्ही लावला आणि आवाज वाढवत नेला, ढोलकीवाला ढोलकी खाली ठेवून उठेपर्यंत.