तारेच्या आतली काळविटं

सोलर प्रकल्पासाठी माळाला तारेचं कुंपण घातलं, तेव्हा चार-पाच काळविटं आतच राहिली आणि लांडगे बाहेर. आम्हाला वाटलं, बरं झालं, वाचली बिचारी! आता कळप वाढलाय, गवत संपलंय, पाडसं जन्मतःच मरतुकडी असतात.

तारेपलीकडून मेंढ्या नेणारे धनगरबाबा म्हणाले, “लांडगा होता तवा कळप एका जागी ठरत नव्हता, लेकरा. आता पळायचंच इसरला.”

मी सातवीत शाळा सोडलेला, घरापासून लांब. प्रकल्पाच्या साहेबांनी इथली रखवालदारी दिली, खोली दिली. ते उपकार विसरणार नाही. काळविटांसाठी फाटक उघडलं तर नोकरी आणि खोली दोन्ही जातील. म्हणून रोज बाहेरचं पेंढीभर गवत कापून आत टाकतो. आधी मला पाहून ती उधळायची. आता जवळ येऊन उभी राहतात, आणि मीच हात उगारून त्यांना पळवायला बघतो.