अकरा कमानी

डोंगरमाथ्यावर पोलोन्त्सा नावाच्या बाईची खानावळ होती; तिथं भिंतीला अकरा कमानी टांगलेल्या होत्या. हेल्मेटच्या पुढे जबडा झाकणाऱ्या, काढता-घालता येणाऱ्या. सायकलवाले घाम गाळत वर चढायचे, योता नावाचं आंबट कोबीचं सूप ओरपायला कमान काढायचे आणि ती बाकावरच विसरून उतारावर सुटायचे. ते बघून पोलोन्त्साच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्या रविवारी गोराझ्द नावाचा एक नवखा सायकलवाला हेल्मेट मिरवत आला.

"एकात दोन आहे, काकू. चढताना उघडं, उतरताना बंद," असं म्हणत त्यानं कमान काढून वाडग्याशेजारी ठेवली.

"कमान पक्की बसवलेलं फुल-फेस का नाही घेतलंस?"

"त्यात योता कसा खाणार?"

"आख्खं हेल्मेट काढून खा की, गाढवा. डोक्यावर हेल्मेट ठेवून कोण जेवतं? आख्खं काढलं की निघताना डोक्याला वारा लागतो, आठवण होते. अर्धं काढलं की अर्धं डोक्यावरच असतं, आणि माणसाला वाटतं, आपण घातलंय."

"एवढ्याशा गोष्टीवरून केवढा राग," गोराझ्द हसला. त्यानं भिंतीकडे बोट दाखवलं. "ती उन्हानं विटलेली लाल कुणाची? सगळ्यांत जुनी दिसतेय."

"माझी."

गोराझ्दचं हसू मावळलं. पोलोन्त्सानं पावाचा तुकडा योत्यात बुडवला, पार लगदा होईस्तोवर थांबली, आणि जेमतेम बोटभरच उघडणारा आपला वाकडा जबडा उघडून तो आत ढकलला.