माझ्याच सहीचा रिपोर्ट

"मेश्राम मॅडम, रिपोर्ट किधर है? बच्ची को ओटी में लेना है!" सर्जनसाहेबांचा निरोप तिसऱ्यांदा आला. रिपोर्ट माझ्या हातातच होता. बीटी दोन मिनिटं, सीटी चार मिनिटं. खाली माझी सही.

बीटी म्हणजे बोटाला सुई टोचल्यावर रक्त थांबायला लागणारा वेळ, सीटी म्हणजे रक्त गोठायला लागणारा. दर अर्ध्या मिनिटाला कागदानं टिपायचं आणि घड्याळाकडं बघत बसायचं. बालाघाटच्या आमच्या खाजगी दवाखान्याच्या लॅबमध्ये बसायला सवड कोणाला? टॉन्सिलच्या ऑपरेशनला पोर आलं की दोन आणि चार, मनानंच लिहायचे. मीही तेच केलं होतं. लाज वाटते, पण खरं तेच सांगते.

पेशंट होती खैरलांजीकडची आठ वर्षांची आरोही. तिची आई रिपोर्ट न्यायला आली आणि सहज बोलून गेली, "मॅडम, हिचे कान टोचले तवा चार दिवस रगत थांबलं नव्हतं. आता थांबन ना?"

रिपोर्ट मी तिला दिलाच नाही. आरोहीला बोलावलं, बसवलं, बोट टोचलं. पाच मिनिटं. दहा. पंधरा. कागदावर लाल ठिपके उमटतच होते.

"दुखून राह्यलं का, बाई?"

"नाही. पन हे थांबत काहून नाही?"

बोट घट्ट बांधलं आणि तो ठिपक्यांचा कागद नि रिपोर्ट घेऊन थेट सर्जनसाहेबांपुढं उभी राहिले.

"प्लेटलेट नॉर्मल हैं," ते म्हणाले. "और हिमोफिलिया लड़कियों को नहीं होता."

"हिमोफिलिया मुलींना क्वचित होतो, साहेब. पण रक्त न थांबण्याचे दुसरेही जन्मजात आजार आहेत. ते मुलींनाही होतात."

"आप टेक्नीशियन हो, डॉक्टर नहीं. और आपके रिपोर्ट में तो नॉर्मल लिखा है!"

"न मोजता लिहिलं होतं. खोटं होतं ते." मी तो रिपोर्ट त्यांच्यासमोरच टराटरा फाडला. "मले काढाचं तर काढा. पन ह्या पोरीले टेबलावर घ्याल, तर तिच्या मायले समदं सांगीन."

ऑपरेशन थांबलं. आरोही नागपूरला गेली. निदान आलं वॉन विलेब्रँड. रक्त थांबवणारं एक प्रथिन तिच्यात जन्मापासूनच कमी होतं. पुढं टॉन्सिल तिथंच काढले, आधी औषध देऊन. तिच्या आईलाही तोच आजार निघाला. "आमच्या घरच्या बायकाईचं असंच रगत जाते, मले वाटलं आपलं नशीबच," ती म्हणाली. कसलं नशीब! आजवर कोणी मोजलंच नव्हतं.

न केलेली टेस्ट नॉर्मल नसते, एवढं मी त्या दिवशी शिकले.

मला दोन मेमो मिळाले. एक खोटा रिपोर्ट लिहिल्याबद्दल, दुसरा तो फाडल्याबद्दल. पहिल्यावर चूक कबूल करून सही केली. दुसरा सही न करताच परत पाठवला.