दादानं अर्ध्यावर सोडलेली ओळ

मालिकांचे संवाद लिहिण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली आणि हे काम मला चांगलं येतं. प्रेक्षक कुठल्या वाक्याला हातातला घास खाली ठेवील, हे मला कागदावरच कळतं. म्हणून गायन, नृत्य आणि नाटक शिकवणाऱ्या एका निवासी विद्यालयावरची मालिका आली, तेव्हा प्रवेशपरीक्षेचा भाग माझ्याकडे देण्यात आला. मागणी नेहमीचीच होती. गावाकडचा मुलगा हवा, लोककला हवी आणि शेवटी डोळ्यांत पाणी हवं. मी एका बैठकीत भाग लिहून दिला.

त्यात दोन मेंढपाळ भाऊ आहेत. आम्हा मेंढपाळांत ओवी जोडीनं म्हणतात. पुढं गाणारा ओळ अर्ध्यावर सोडतो आणि शेजारचा ती उचलून पुरी करतो. याला झील धरणं म्हणतात. पुढच्यानं उरलेलं अर्धं म्हणायचं नसतं. ते त्याचं नसतंच. मालिकेत थोरला भाऊ परीक्षकांसमोर एकटा उभा राहतो, सवयीनं ओळ अर्ध्यावर सोडतो, आणि परीक्षकांना वाटतं की हा विसरला. तेवढ्यात दारामागून धाकट्याचा आवाज येतो. ओळ पुरी होते. दोघांनाही प्रवेश मिळतो.

दिग्दर्शकानं विचारलं, "हे तुमचं स्वतःचं आहे ना?"

मी म्हणालो, "छे, सुचलं."

पण सुचलेला होता तो फक्त दारामागून येणारा आवाज.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. गावाकडं चारा उरला नव्हता आणि आमची मेंढरं पैठणच्या धरणाच्या आटलेल्या पोटात चरत होती. पाणी मागं सरकेल तसं गाळावर हिरवं उगवे आणि आम्ही पाण्याच्या मागं मागं सरकत जात असू. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि दादा एकवीसचा. गावातल्या एका गुरुजींनी आम्हा दोघांचे अर्ज भरून शहरातल्या एका नाट्यविद्यालयात पाठवले होते. लोककला येणाऱ्या एका उमेदवाराला तिथं राहण्या-जेवणासकट जागा मिळणार होती. जागा एकच होती.

दादाला ते फारसं खरं वाटत नव्हतं. "दोघांनी जाऊ, जोडीनं म्हणू, कुणीबी लागलं तरी घरातलाच," असं तो म्हणाला. आदल्या दिवशी मेंढरांमागं हिंडताना मी एकट्यानं ओवी म्हणून पाहिली. पुढचं अर्धं म्हटलं आणि मागचंही. दादा लांब होता. त्याला ऐकू जाणार नाही एवढ्या बारीक आवाजात मी तीन-चार वेळा म्हणालो. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

आमच्या गावाहून, पाचोडहून, एसटीनं आम्ही शहरात आलो. नळाला चार दिवसांनी पाणी येतं असं ऐकलं होतं म्हणून दादानं घरून पाण्याचा कॅन आणला होता. आत टेबलामागं तिघं बसले होते. दादा म्हणाला, "साहेब, आमी जोडीनं गातो." त्यातले एक म्हणाले, "चालेल, पण मार्क वेगवेगळे. आधी तू म्हण. तो शेजारी उभा राहू दे."

दादानं डोळे मिटले आणि सुरू केलं.

"माळ तुडवून सरंना गं, पाण्याची वाट—"

आवाज इतका वर आणि इतका स्वच्छ लागला की मधल्या परीक्षकांचं पेन थांबलं. जागा कुणाची, ते मला त्याच वेळी कळलं. दादा 'वाट' या शब्दावर थांबला आणि त्यानं डावा हात जरासा उचलला. माझ्याकडे न बघताच, नेहमीसारखा. पुढचे दोन शब्द माझे होते: वाट घावंना. पट्टी माझ्या गळ्याला लागणारी होती. मी तोंड मिटून उभा राहिलो.

"विसरलास का?" परीक्षकांनी विचारलं.

दादानं डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. त्याला वाटलं माझं लक्ष नव्हतं. त्यानं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा 'वाट'वर थांबला आणि पुन्हा हात उचलला. दुसऱ्यांदाही मी गप्प राहिलो. "पाठांतर कच्चं आहे," असं एक जण शेजारच्याला म्हणाला आणि दादाला बाहेर थांबायला सांगितलं. मग मी माझ्या सोयीच्या पट्टीत दोन्ही अर्धी न थांबता म्हणून दाखवली.

बाहेर आल्यावर दादानं विचारलं, "काय झालं रं?"

मी म्हणालो, "लई वर गेलास. मला लागली नसती."

त्यानं कपाळावर हात मारला. "आयला, व्हय. मोठ्या लोकांसमोर जरा चढलो मी." निकाल त्याच दिवशी लागला. माझं नाव ऐकून तो माझ्याहून जास्त हसला. पाण्याचा कॅन माझ्याजवळ ठेवून, "इथं लागंल तुला," म्हणून तो एसटीनं मेंढरांकडं परत गेला.

पुढं माझं सगळं रीतसर झालं. शहराच्या कडेला चिकलठाण्याच्या पुढं ज्या वावरांत वडील खतासाठी मेंढरं बसवायचे, तिथं आता इमारती आहेत आणि त्यातल्या एकीत तिसऱ्या मजल्यावर मी राहतो. दादा गावाकडच्या जत्रांत गात राहिला. त्याचा आवाज हळूहळू खाली आला. मी ते वयावर आणि तंबाखूवर घातलं.

तो भाग लागल्यावर दुसऱ्याच दिवशी वहिनीचा फोन आला. "भाऊजी, तुमच्या मालिकेत आमच्या मालकांचं गाणं लावलं म्हणं! शेजारीण सांगून गेली. आमाला पत्ताच नाय. रविवारी दुपारी परत दाखवणार हायेत, तुमीबी या."

यंदाही पाऊस नव्हता. पाचोडला पोचलो तेव्हा दादाच्या दारात टँकरच्या पाण्यानं भरलेले ड्रम होते. दादा टीव्हीसमोर सतरंजीवर ऐसपैस बसला होता. वाटेत मी ठरवलं होतं की भाग सुरू व्हायच्या आत सांगून टाकायचं. सांगितलं नाही.

"ह्यो धाकटा लई गोरा घेतला," वहिनी म्हणाली. "भाऊजी, तुमी कवा व्हते एवढे देखणे?"

"मेंढरं भाड्याची हायेत," दादा म्हणाला. "बघ की, एकबी त्याच्याकडं बघंना."

मग तो प्रसंग आला. थोरला थांबला, परीक्षक कुजबुजले आणि दारामागून आवाज आला. वहिनीनं पदर डोळ्यांना लावला. माझं लिखाण बरोबर बसलं होतं, हेही माझ्या मनात येऊन गेलं.

"चांगलं केलंस बारक्या," दादा म्हणाला. "आन् ह्या पोराची पट्टी बघ, कशी बेतात हाये. शेजारच्याला झेपंल अशी. मला त्या दिवशी एवढी अक्कल पायजे व्हती. तवापासून मी वर जातच नाय."

"लोकं जत्रंत म्हणत्यात, वर चढवा, वर चढवा," वहिनी मला म्हणाली. "ह्ये नाय म्हणत्यात. म्हणत्यात, माझ्या भावाचा गळा अडकला व्हता एकदा."

टीव्हीवर जाहिराती लागल्या होत्या. मी म्हणालो, "दादा, उंच नव्हती."

"काय?"

"त्या दिवशी तुझी पट्टी उंच नव्हती. मला लागली असती. मी मुद्दाम गप्प राहिलो. जागा एकच होती."

वहिनीनं आवाज बंद केला. दादाची नजर टीव्हीवरच होती.

"आन् मी दुसऱ्यांदा म्हणलं तवा?"

"तेव्हाही."

"हात केला व्हता मी तुला."

"पाहिला होता."

तो उठला आणि बाहेर मेंढरांच्या वाड्याकडं गेला. वहिनी माझ्याकडं न बघता म्हणाली, "भाऊजी, जागेचं सोडा. तुमी जागा मागितली असती तर ह्या माणसानं हातानं दिली असती. त्येंचा गळा कामून नेला?"

मी दादाच्या मागं गेलो. तो ड्रममधलं पाणी बादलीनं पाजायच्या दगडी डोणीत ओतत होता आणि मेंढरं दाटीनं पुढं सरकत होती. 'माफ कर' असं मी म्हणालो नाही; ते दोन शब्द मी पडद्यासाठी फार वेळा लिहिलेत. मी दुसरी बादली उचलली. त्यानं नको म्हटलं नाही. दोन खेपा आम्ही मिळून केल्या.

तिसऱ्या खेपेला त्यानं बादली खाली ठेवली आणि सुरू केलं. पहिल्या दोन शब्दांना आवाज फाटला. तो थांबला, खाकरला आणि परत धरला. मग तो वर गेला, त्या दिवशी गेला होता तिथवर. म्हातारपणाकडं झुकलेला आवाज होता, पण जागेवर होता.

"माळ तुडवून सरंना गं, पाण्याची वाट—"

डावा हात जरासा उचलला गेला. मी तोंड उघडलं. पण हात माझ्या दिशेनं नव्हता. दारात वहिनी उभी होती. तिला मी कधी गाताना ऐकलं नव्हतं. बायका आमच्या गाण्यात उभ्या राहत नाहीत. पण तिनं घरात बसून वर्षानुवर्षं हीच ओवी ऐकली होती.

"वाट घावंना," तिनं उचललं. त्याच पट्टीत, सरळ.

दादा माझ्याकडं वळला. "हिला लागली."

"हो."

"मंग उंच नव्हती."

"नव्हती, दादा."

त्यानं मान हलवली, एकदाच. मग त्यानं ओवी पुन्हा पहिल्यापासून धरली, आधीपेक्षाही वर. वहिनी दारातूनच ओरडली, "आता पुरं, मेंढरं बुजतील!" पण तो थांबला नाही. डोण अजून अर्धीच भरली होती. मी दोन्ही बादल्या घेऊन ड्रमकडं गेलो.