रिकाम्या गाडीची उंची

ती घटना आजही आठवते, आणि बहुतेक वेळा रिक्षातून उतरताना आठवते. मी उतरलो की रिक्षा चांगली बोटभर वर येते. ते दिसलं की मला माझ्या हातचा एक पंचनामा आठवतो आणि उरलेला दिवस बेचव जातो. घरी ही गोष्ट सांगायला घेतली की आमच्या सौ. "चहा टाकते" म्हणून आत जातात. वाचकांना ती सोय नाही, म्हणून जमेल तेवढं आवरतं घेतो. नाव कुणाचंच देत नाही. माझंही न दिलेलं बरं, का ते पुढे कळेलच.

ऐंशी सालाच्या आगेमागे मी पंचवटीच्या बाजूच्या एका ठाण्यात फौजदार होतो. आज देवळाचा बंदोबस्त, उद्या मंत्र्याचा आणि मधल्या वेळात तपास, अशी नोकरी. एप्रिल सरत आला होता. एका सकाळी, दिवस उगवता उगवता, मेथीची पाटी डोक्यावर घेऊन बाजाराकडे निघालेल्या एका म्हातारीला मोटारीने उडवलं. उजवा पाय मोडला. गाडी थांबली नाही. रस्त्यावर ब्रेकच्या खुणाही नव्हत्या.

दवाखान्यात जबाब घ्यायला मी स्वतः गेलो.

"गाडी कशी होती, मावशी?"

"काळी व्हती. लय बसकी."

"नंबर बघितला?"

"मला वाचता येतं का? बसकी व्हती, येवढं लिव्हा."

लिहिलं. त्याचा अर्थ मात्र माझा मी लावला. त्या दिवसांत त्र्यंबकच्या यात्रेकरूंची टॅक्सी म्हणजे पाचांच्या जागी नऊ माणसं. ओझ्याने बसलेली गाडी म्हणजे भरलेली टॅक्सी. माझ्या डोक्यात गुन्हा तिथेच उघडकीला आला.

डॉक्टरांनी लिहून दिलं की बंपरचा मार टाचेपासून पंधरा इंचांवर आहे. तिसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीत नोंद केली: अमुक वसाहतीत काळी टॅक्सी उभी आहे, पुढचा बंपर चेपलेला आहे. मी, लिखापढी सांभाळणारे रायटर हवालदार, एक शिपाई आणि वाटेत धरलेले दोन पंच असे आम्ही निघालो.

वसाहतीत चौदा एप्रिलच्या निळ्या पताका अजून उतरवलेल्या नव्हत्या. टॅक्सी दारातच होती. मालक आणि ड्रायव्हर एकच, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस.

"बंपर कशाने चेपला?"

"बैलगाडीची धडक बसली साहेब, त्र्यंबकला. महिना झाला."

"परवा सकाळी कुठं होतास?"

"घरीच. गाडी हललीच नाही. बॅटरी उतरलीय."

"पोलीस दारात आले की सगळ्यांच्याच बॅटऱ्या उतरतात," मी म्हणालो. शिपाई हसला, पंच हसले. मलाही तो विनोद बरा वाटला होता.

ऊन मी म्हणत होतं आणि सावली औषधालाही नव्हती. रायटर हवालदार फाइल घेऊन टॅक्सीच्या पुढच्या सीटवर बसले. ते बसले की ठाण्यातलं बाकसुद्धा कुरकुरायचं. त्यांच्या शेजारी शिपाई बसला, मागे दोन्ही पंच. टेप आम्ही विसरलो होतो, ती शेजारच्या शिंप्याकडून आणली. मी उकिडवा बसून बंपरची उंची मोजली आणि आतून हवालदारांनी लिहून घेतली: सोळा इंच. डॉक्टरांचे पंधरा, माझे सोळा. एका इंचाने काय होतं, असं म्हणून मी सही केली.

मग गाडी जप्त केली आणि ठाण्यापर्यंत ढकलत नेली. कारण ती चालू होईना. दीड किलोमीटर ढकलताना माझ्या शिपायांना घाम फुटला, पण माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

गुन्हा जामिनाचा होता, त्यामुळे ड्रायव्हर घरी होता. पण गाडी ठाण्याच्या आवारात, बॅज आणि लायसन माझ्या टेबलाच्या खणात. शिवाय म्हातारीला तुडवून पळालेला माणूस म्हणून गल्लीभर झालेलं नाव. रोज दुपारी मी त्याला चौकशीला बोलवायचो. तो यायचा, तेच सांगायचा, बाकावर बसायचा. शाळा सुटली की त्याची बायको डबा घेऊन यायची. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. नवरा जेवेपर्यंत ती बाकावर बसून लाल पेनाने वह्या तपासायची. ठाण्यात वह्या तपासणारं माणूस असलं की शिव्या देणंसुद्धा जड जातं.

चौथ्या दिवशी तिने वही मिटली आणि माझ्या टेबलापाशी आली.

"साहेब, एक विचारू? गाडी मोजली तेव्हा मी दारात उभी होते. आत तुमची चार माणसं बसली होती."

"बरं मग?"

"आम्ही शाळेत मुलांची उंची मोजतो तेव्हा आधी चपला काढायला लावतो."

एवढंच बोलली आणि डबा उचलून गेली. रायटर हवालदार माझ्याकडे बघेनात, मी त्यांच्याकडे बघेना. शेवटी आम्ही दोघं आवारात गेलो आणि उभ्या असलेल्या रिकाम्या टॅक्सीला टेप लावली. अठरा इंच. हवालदार न सांगताच आत बसले, शिपाई बसला, रस्त्यावरून दोन माणसं बोलावून बसवली. सोळा.

"साहेब, जुन्या स्प्रिंगा आहेत," हवालदार आतूनच म्हणाले.

"उतरा आता," मी म्हणालो.

मी पुन्हा दवाखान्यात गेलो. या वेळी आधी स्टूल ओढून बसलो.

"मावशी, बसकी म्हणजे? माणसं भरली होती का आत?"

"एकटाच व्हता चालवणारा. रिकामी गाडी, तरी बसकी. कोंबडी अंड्यावर बसती ना, तशी. मी तवाच सांगितलं की."

सांगितलं होतं, खरंच. रिकामी असून बसकी म्हणजे मुद्दाम खाली घेतलेली गाडी, म्हणून आम्ही गॅरेजं पालथी घातली. दिंडोरी रस्त्यावरच्या एका गॅरेजात एक जुनी काळी विलायती मोटार उभी होती. द्राक्षबागाईतदाराच्या मोठ्या चिरंजीवांनी हौसेने घेतलेली. बंपरची उंची अठरा इंच, म्हणजे अगदी निर्दोष. पण पुढच्या चाकांवरच्या मडगार्डात आतून रंग घासून पत्रा चकचकीत झाला होता, अर्धचंद्राच्या आकारात. चार बोटं खाली असलेलं टायर तिथे घासणार कसं?

मिस्त्री पन्नाशीचा, नमाजी, हाताला सतत ग्रीस. दोन तास तो "मालूम नाही साहेब" यापलीकडे गेला नाही. दमदाटीचा मला कंटाळा आला होता, आणि खरं सांगायचं तर चार दिवसांपूर्वीची माझी दमदाटी आठवून लाजही वाटत होती. मी उठलो आणि हवालदारांना म्हणालो, "जाऊ द्या. असल्या अडाणी मिस्त्रीने स्प्रिंग कापली असणार, म्हणून टायर घासलं."

मिस्त्री ताडकन उभा राहिला.

"स्प्रिंग कापली? मी? साहेब, स्प्रिंग कापणारे लोहार असतात. स्प्रिंग कापली की गाडी बकरीसारखी उडते. मी पुढचे दोन्ही स्ट्रट, म्हणजे चाकावरचे स्प्रिंगचे खांब, काढले. नळी कापली, स्प्रिंग ज्या वाटीवर बसते ती वाटी तीन इंच खाली घेतली, आत दुसऱ्या गाडीचा आखूड शॉक-अब्सॉर्बर बसवला आणि वेल्डिंग केलं. मागं स्प्रिंगच्या पाट्यांना ठोकळे दिले. गाडी पाण्यासारखी चालायची. आणि टायर घासलं ते मालक भरधाव वळवायचे म्हणून. माझं काम..."

तो थांबला.

"मग वर कुणी केली?" मी हळूच विचारलं.

"मीच," तो खाली बसला. "अपघाताच्या दुसऱ्या दिवशी. म्हणाले, दोन दिवसांत होती तशी करून दे. एवढं देखणं काम, माझ्याच हाताने कापलं साहेब."

चाक काढून दाखवलं त्याने. नळीवर जुना, रंग दिलेला जोड होता आणि त्याच्या तीन इंच वर नवा, निळसर. अठरातून तीन गेले, राहिले पंधरा. फोनचंही त्यानेच सांगितलं. अपघाताच्या आठवडाभर आधी टॅक्सीवाला चेपलेला बंपर दाखवायला गॅरेजात आला होता, तेव्हा चिरंजीव तिथेच बसले होते. अपघातानंतर ते आठवून, मिस्त्रीकडून पत्ता काढून घेऊन शेजारच्या दुकानातून फोन त्यांनीच केला.

पुढे रीतसर अटक, कबुली, खटला. ते असो.

टॅक्सीवाल्याचं नाव वगळायचा अहवाल मी लिहायला घेतला. आमचे वरिष्ठ साहेब म्हणाले, "फेरमोजणीत उंची जुळली नाही, एवढंच लिहा. आधी कसं मोजलं ते कोण विचारतंय?" मला ते फार पटलं. अहवालाची प्रत मी त्या शिक्षिकाबाईंच्या हातात दिली, जरा ऐटीतच. त्यांनी ती लाल पेन हातात धरूनच वाचली.

"उत्तर बरोबर आहे साहेब. रीत कुठंय?"

"म्हणजे?"

"मुलाने नुसतं उत्तर लिहिलं की वाटतं, कुठूनतरी मिळवलं. आमच्या गल्लीलाही तसंच वाटेल. पोलिसांना खूश केलं, म्हणून सुटला."

मी कागद परत घेतला. त्या संध्याकाळी नव्याने लिहिलं: पहिल्या मोजणीच्या वेळी गाडीत चार इसम बसलेले होते, त्यांतला एक रायटर हवालदार, आणि मोजणारा मी स्वतः. हवालदारांनी एकच विनंती केली, "साहेब, वजन नका लिहू." ते लिहिलं नाही. महिन्याभरात माझ्या सेवापुस्तकात निष्काळजीपणाचा शेरा पडला आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिला. तीस वर्षांत मी पुष्कळ माणसांना खोटं बोलताना पकडलं, त्याचा अभिमानही बाळगला. खरं बोलणारा माणूस समोर असताना तो ओळखता येत नाही, हे मला या एका प्रकरणाने दाखवलं, आणि ते शिकायला उशीर झाला होता.

बॅज आणि लायसन मी खणातून काढून ड्रायव्हरच्या हातात दिलं. त्याने बॅज शर्टाला लावला, टॅक्सीत बसून चावी फिरवली. गाडी नुसतीच कण्हली. बॅटरी उतरलेली होती, पहिल्या दिवसापासून. त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी टोपी काढून हवालदारांकडे दिली आणि मागे धक्का मारायला उभा राहिलो. शिपाई आला. हवालदारांनी टोपी टॅक्सीच्या टपावर ठेवली आणि सवयीने पुढचं दार उघडलं.

"हवालदार," ठाण्याच्या दारातल्या बाकावरून बाई म्हणाल्या, "आत नका बसू."