तिची खोली, माझा टोप

परदेशातून आमच्या संस्थेत संशोधनाला येणाऱ्यांचं इथे बस्तान बसवून द्यायचं, हे माझं काम. भाडेकरार, पोलिसांकडची नोंद, बँकेचं खातं, मोबाइलचं सिम, गॅस. एक अडलं की सगळंच अडतं, आणि पहिलं नेहमी घर लागतं. घराचा पत्ता नाही तर माणूस सरकारदरबारी कुठेच नसतो.

मी स्वतः बोरीवलीत भावाच्या घरी हॉलमध्ये झोपते. टीव्ही बंद झाला की माझी गादी पडते. भाऊ-वहिनी चांगली आहेत, पण चाळिशी उलटल्यावर स्वतःचं एक दार हवंसं वाटतं. आतून लावून घ्यायला तरी.

गेल्या उन्हाळ्यात तशी एक खोली सापडली होती, भाड्याची. पुढे छोटी गॅलरी, मागे स्वयंपाकघर. मालकाला मी पसंत होते, सोसायटीच्या कमिटीला नव्हते. सेक्रेटरीकाका म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका ताई. पण एकटी बाई, उद्या काही झालं तर आम्ही विचारायचं कुणाला?" घरी यायला नऊ-साडेनऊ होतात, हे ऐकून तर कमिटीने एकमेकांकडे बघितलं. खोली मिळणारच या खात्रीने मी दूध उतू घालवायला नवा टोपसुद्धा आणून ठेवला होता. तो वहिनीच्या माळ्यावर गेला.

पावसाळा संपताना वटवाघळांवर काम करणारी एक परदेशी मुलगी आली. एकटीच. तिला नॅशनल पार्कजवळ घर हवं होतं, आणि दलालाने नेमकी तीच खोली दाखवली. मी कमिटीची वेळ ठरवली. मनात म्हटलं, हिलाही कमिटी दारातून परत पाठवू दे, म्हणजे माझ्या जिवाला थंडावा.

कमिटीने तिला कोकम सरबत दिलं. काकांच्या मिसेसनी घावणे वाढले. ती "छान" म्हणाली तर सगळे टाळ्या वाजवायला लागले. मी जन्मापासून मराठी बोलतेय, माझ्या 'छान'चं कुणाला कौतुक नाही. ती मध्यरात्रीनंतर जंगलातून परतणार, हे ऐकून तर काका म्हणाले, "केवढी धीट पोरगी!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग काका माझ्याकडे वळले. "फक्त इथलं कुणी जबाबदार माणूस हवं ना. उद्या काही झालं तर विचारायला. तुम्ही द्या सही."

"मी?"

"मग कोण? तुम्ही तर आपल्यातल्याच."

"काका, तेव्हा माझ्यासाठी माझी सही चालली नसती?"

"अहो, तुमचं वेगळं, ताई," ते पेन पुढे करत म्हणाले. काय वेगळं, ते नाही सांगितलं. मी सही केली. पगार त्याचाच मिळतो.

राहायला जायच्या दिवशी सकाळी तिचा फोन. काकांच्या मिसेसनी तिला दूध उतू घालवायचं सांगितलं होतं आणि घरात भांडंच नव्हतं. वहिनीने माळ्यावरून टोप काढून माझ्या हातात दिला. "न्या ना ताई, नाहीतरी पडूनच आहे." वहिनी वाईट मनाने बोलली नव्हती, पण मला ते लागलंच.

तिच्या नव्या घरात दूध वर आलं तशी ती घाबरली आणि तिने पटकन गॅस बंद केला. "अगं अगं, जाऊ दे ना!" मजल्यावरच्या बायका ओरडल्या. मला आतून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तिने गॅसच्या बटणाकडे बोट दाखवून मला इंग्रजीत विनवलं, "तू कर ना, प्लीज." मी गॅस परत पेटवून मोठा केला. दूध फसफसून ओट्यावर सांडलं, बायकांनी हात जोडले, आणि ज्या घरासाठी मी तो टोप घेतला होता त्याच घरात ते उतू गेलं, तिच्या नावाने.

बायका गेल्यावर मी ओटा पुसला, टोप घासला.

"राहू दे ना इथेच," ती म्हणाली. "माझ्याकडे काहीच नाही."

"उद्या बाजारातून दुसरा घेऊन देते. हा माझ्या घराचा आहे."

"तुझं घर कुठे आहे?" तिने अगदी सहज विचारलं.

मी ओला टोप तसाच पिशवीत घातला.

"बघतेय," म्हटलं.